लाल पट्टीचा हिटर

ऑडिटरबाईंनी पर्समधून स्वतःचा स्क्रू-ड्रायव्हर काढला, तेव्हाच मी सावध झाले. ऑडिटर कसे असावेत, तर त्यांनी फायली चाळाव्यात, चहा घ्यावा, एखाद्या मीटरवरच्या स्टिकरची तारीख वाकून वाचावी आणि "बाकी ठीक आहे" म्हणून उठावं. स्वतःचा स्क्रू-ड्रायव्हर बाळगणारी बाई वस्तू उघडून बघणार हे उघड होतं. अशा माणसांची मला धास्ती वाटते, कारण मीही त्यातलीच.

आमचा कारखाना खोली गरम करायचे छोटे हिटर बनवतो. टेबलाखाली मावतील असे, पुढे जाळी, आत पंखा. ते सुरक्षित आहेत हे सिद्ध करायचं काम माझं. सिद्ध करायचं म्हणजे नव्याकोऱ्या हिटरचा यथेच्छ छळ करायचा. पंखा अडवून धरायचा, तोंडावर टॉवेल टाकायचा, हवं त्याहून जास्त व्होल्टेज द्यायचं, आणि इतकं करूनही तो पेटला नाही तर त्याला पास म्हणायचं. नवरा म्हणतो, हे काम तुला कुणी शिकवावं लागलं नसेल.

हिटरच्या पोटात दोन राखणदार असतात. पहिला कट-आउट, शर्टाच्या बटणाएवढा. हिटर झाकला गेला, आत उष्णता कोंडली, की तो 'टक्' करून वीज तोडतो आणि गार झाल्यावर पुन्हा जोडतो. दुसरा फ्यूज. कट-आउट बिघडलाच तर फ्यूज वितळतो आणि हिटर कायमचा बंद पडतो. आता स्टँडर्ड, म्हणजे सुरक्षेची नियमावली, म्हणतं, राखणदार झोपला तर काय होईल तेही बघा. म्हणून आम्ही एका हिटरच्या कट-आउटला तारेने बगल दिली, म्हणजे वीज त्याला टाळून थेट जाईल अशी तार जोडली. फ्यूजने आपलं काम चोख केलं. मग आमच्या माहितीसाठी फ्यूजलाही बगल दिली आणि आग विझवायचं सिलिंडर शेजारी ठेवून प्लॅस्टिक कुठवर तापतं ते मोजलं. असा दोन्ही राखणदार मेलेला हिटर लॅबबाहेर जाता कामा नये. म्हणून त्याच्या अंगावर लाल पट्टी चिकटवायची, काम संपलं की त्याची वायर कापून टाकायची, आणि मग तो पुराव्यासाठी कपाटात. ती वायर मी स्वतः कापली होती. पक्कड हातात आली की मला जरा चेवच येतो.

बाईंनी कपाटातला नेमका तोच हिटर मागितला. रिपोर्टमध्ये त्याच्या आतला फोटो होता, तो त्यांना ताडून बघायचा होता.

कपाटाची किल्ली कुलूपदादांकडे. हे आमचे स्टोअरकीपर. स्टोअर, सगळी कपाटं आणि दिवसाच्या वेळी मागचं गेट, सगळं त्यांच्या ताब्यात. कुलूप लावलं की ते दोनदा ओढून बघतात, चार पावलं पुढे जातात आणि परत येऊन तिसऱ्यांदा ओढतात. आम्ही पाठीमागे हसतो. त्यांनाही ते ठाऊक आहे आणि त्यांनाही थोडं हसू येतं. दादांनी लाल पट्टीचा हिटर आणून टेबलावर ठेवला, कपाट बंद केलं, ओढून बघितलं आणि गेले.

बाईंनी एकेक स्क्रू काढून ओळीने ठेवला. वरचं कव्हर उचललं. मी बाजूने वाकून बघत होते, आणि जे दिसलं ते मला आधी कळलंच नाही. आत सगळं जागच्या जागी होतं. कट-आउट शाबूत, फ्यूज शाबूत. आम्ही जोडलेल्या तारांचा मागमूस नव्हता.

"यातल्या बगल देणाऱ्या तारा कुठे आहेत?" बाईंनी विचारलं. आवाजात संशय नव्हता, चष्मा कुठे ठेवलाय असं विचारावं तसा साधा प्रश्न.

माझ्या शेजारी कलमराव उभे होते. कलमराव आमच्यातले ज्येष्ठ. त्यांना काहीही विचारा, स्टँडर्डमधल्या कलमाचा आकडा तोंडावर फेकतात. कँटीनमध्ये मीठ मागितलं तरी आधी कलम सांगतील आणि मग मीठ देतील. या वेळी मात्र आकडा काही बाहेर आला नाही.

"बघून सांगतो," ते म्हणाले.

बाहेर पॅसेजमध्ये आल्यावर मी त्यांना भिंतीशी गाठलं. "काय बघून सांगता? काय झालंय?"

"फोटोसाठी," कलमराव म्हणाले.

"काय फोटोसाठी?"

"अगं, त्या बगल दिलेल्याच्या कव्हरवर टेपचे डाग होते, सेन्सरचा गोंद होता. रिपोर्टमध्ये पहिल्या पानावर बाहेरचा फोटो लागतो, तो बरा दिसावा म्हणून मी दुसऱ्या हिटरचं स्वच्छ कव्हर त्याला चढवलं. आणि त्याचं डागाळलेलं त्या दुसऱ्याला. नंतर बदलायचं राहिलं."

"आणि लाल पट्टी?"

"पट्टी कव्हरवर होती."

नंबरची चकतीही कव्हरवरच असते. म्हणजे मी ज्याची वायर कापली तो हिटर चांगला होता. बिचाऱ्याचा नुसता अंगरखा वाईट होता. आणि ज्याचे दोन्ही राखणदार आम्ही मारले, तो चकचकीत कव्हर घालून, धडधाकट वायर घेऊन आमच्यामधून निघून गेला होता. त्याच्याकडे बघून कुणालाही तो सगळ्यात देखणा वाटला असता.

तो कुठे गेला असेल, हे शोधायची गरजच नव्हती. त्या चाचणीसाठी आम्ही तीन हिटर घेतले होते. एक हा कपाटातला. उरलेले नियमाप्रमाणे मोडीत काढायचे, पण आमच्याकडे एक सवय आहे. चांगले दिसणारे नमुने मोडवत नाहीत. साहेब म्हणतात, "धूळ खात पडण्यापेक्षा कुणाच्या तरी कामी येऊ दे," आणि दुसरीकडे बघतात. एक कुलूपदादांनी नेला. दुसरा मी आईला दिला.

मला आईची खोली आठवली नाही, मी तिथे जे बोलले ते आठवलं. आई म्हणाली होती, "कापडबिपड पडलं याच्यावर तर गं?" आणि मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, "आई, खुशाल झाक. तो आपोआप बंद होतो. आम्ही टॉवेल टाकूनच पास केलाय." दुसरी कुठलीही मुलगी आईला म्हणाली असती, त्याच्यावर काही ठेवू नकोस. मी चाचणीचा निकाल सांगितला. तेव्हापासून आई आंघोळीनंतर आपला स्वेटर त्याच्यावर गरम करायला टाकते आणि शेजारणींना सांगते, माझ्या लेकीने बनवलाय, काही होत नाही.

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. आईला कानातलं यंत्र घालायचा कंटाळा. ते काढलं की फोन कानाशी वाजला तरी तिला पत्ता लागत नाही. आईच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना लावला, त्यांचा बंद लागला. आई नुसती झोपली असेल, हे मला कळत होतं. झोपली असेल आणि उशाशी तो हिटर स्वेटर पांघरून बसला असेल, हेही कळत होतं.

तेवढ्यात साहेब आले. क्वालिटीचे प्रमुख, माणूस वाईट नाही, पण कपाळावर आठी पडली की आवाज एकदम खाली आणतात. कलमरावांनी त्यांना सगळं सांगितलं. साहेबांनी आधी, बाई आत होत्या त्या मीटिंगरूमचं दार नीट लागलंय का बघितलं.

"नमुने घरी गेले हे तिला कळता कामा नये," ते म्हणाले. "सर्टिफिकेट जागच्या जागी थांबवेल. माल बाहेर उभा आहे."

"साहेब, त्यातला एक धोक्याचा आहे."

"मग त्याचं बघ ना. मी नाही म्हणतोय का? आईला फोन कर, प्लग काढायला सांग. दादाचा उद्या परत मागवून घेऊ, काहीतरी निमित्त काढून. आत्ता त्याला सांगितलंस तर तो बोंब मारेल आणि सगळा कारखाना गोळा होईल. बाई संध्याकाळी जातेय. तोवर थोडं सांभाळून घ्या."

"आई फोन उचलत नाहीये."

"मग जा तू. मी सांगतो बाईला, घरी अडचण आली म्हणून. कलमराव तिला तोवर काहीतरी दाखवतील."

मला तिथे खूप काही बोलता आलं असतं. माझी जीभ तिखट आहे असं घरीदारी सगळे म्हणतात, आणि एरवी मी साहेबांना सोडत नाही. पण त्या वेळी मला फक्त "जा तू" एवढंच ऐकू आलं. हेल्मेट उचललं आणि मी पळत सुटले.

स्कूटर मागच्या गेटाशी लावली होती. गेटावर कुलूपदादा होते. त्यांनी मला पळत येताना बघितलं आणि मी पोचायच्या आत कुलूप उघडलं.

"काय झालं ताई? एवढ्या घाईत?"

सांगायचं ते ओठांवर आलं होतं. दादांच्या खांद्यामागे ती गल्ली दिसत होती, जिच्या टोकाला त्यांचं घर. मला माहीत होतं की त्यांची मुलगी बाळंतपणाला आलीय, नातू झाला तेव्हा आम्हा सगळ्यांचं तोंड गोड करून गेले होते. पण मनाने केव्हाच हिशेब मांडून ठेवला होता. दोनांतला एक. आई झाकते, आई एकटी, आईला ऐकू येत नाही. दादांचं घर माणसांनी भरलेलं आहे, कुणीतरी बघेलच. शिवाय साहेब म्हणालेत. आणि इथे थांबले तर समजावण्यात वेळ जाईल.

"आईला बरं नाहीये थोडं," मी म्हणाले.

"अरेरे. जा जा, सावकाश जा पण." त्यांनी गेटाची दोन्ही दारं उघडली. एक पुरलं असतं.

गल्लीच्या तोंडावरून मी गेले. तिथून त्यांच्या अंगणातली दोरी दिसते, आणि दोरीवर काही नव्हतं. ढग भरून आले होते, गारठा होता, अशात कपडे बाहेर वाळत नाहीत. हे मी बघितलं आणि पुढे गेले.

रस्त्यात प्रत्येक सिग्नल लाल. एका चौकात पुढचा टेम्पो सुरूच होईना आणि मी त्याच्या ड्रायव्हरला जे बोलले ते माझ्या आईने ऐकलं असतं तर तिने हिटरआधी मला विझवलं असतं. डोक्यात मात्र प्लॅस्टिकचे आकडे चालले होते. ते केव्हा मऊ पडतं, केव्हा पिवळं होतं, केव्हा पेट धरतं. हे आकडे आयुष्यभर मी टेबलावर मांडले, सही करून पुढे पाठवले. त्यांना आजवर कधी घराचा पत्ता नव्हता. मध्येच एका बाजूला थांबून पुन्हा फोन लावला. वाजला, वाजला, थांबला.

आईच्या दारावर मी बेल दाबली आणि न थांबता माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. आत गरम लोकरीचा वास होता. तो वास नाकात शिरला आणि मी चपलांसकट आत धावले.

आई खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. खाटेशेजारी हिटर. त्याच्यावर तिचा करडा स्वेटर, बाह्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या. पंखा घुरघुरत होता. मी प्लगकडे झेप घेतली, आणि माझा हात पोचायच्या आधीच हिटर 'टक्' बोलला आणि गप्प झाला.

मी तशीच जमिनीवर बसले. स्वेटर उचलला. गरम होता, पण नुसता गरम. कुठे डाग नाही, करपल्याचा वास नाही. जाळी घट्ट, सरळ. तरीही प्लग काढला, हिटर स्वयंपाकाच्या ओट्यावर नेला, आईच्या शिवणाच्या डब्यातला छोटा स्क्रू-ड्रायव्हर शोधला आणि कव्हर उघडलं. कट-आउट शाबूत. फ्यूज शाबूत. आपला. चांगला. जीव भांड्यात पडला. मी ओट्यावर डोकं टेकून हसले की रडले, मला नक्की सांगता येणार नाही.

आई उठून दारात उभी होती, केस विस्कटलेले.

"कामावरनं आलीस? काय उघडून बसलीयेस?"

मी जोरात बोलून सांगितलं, हिटर तपासत होते. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "माझ्या स्वेटरपेक्षा तूच जास्त तापलीयेस. रोज टक् करतो तो. तूच म्हणालीस ना, झाकला तरी चालतो म्हणून."

"हो आई. मीच म्हणाले."

"मग झालं तर."

आणि त्या "मग झालं तर" नंतर, ओट्यावर माझा हात त्या चांगल्या हिटरवर असताना, मला उमगलं की मी कशाने एवढी खूश झालेय. दोनांतला एक. हा नाही, म्हणजे तो.

मी कुलूपदादांना फोन लावला. त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला. "आई कशी आहे ताई?"

"दादा, तुमच्या घरचा हिटर चालू आहे का?"

"असणारच की. बाळाचे कपडे वाळत नाहीत या हवेत. पोरीने आज त्याच्यावरच घातलेत सगळे." मग थोडं अभिमानाने, "तुम्ही लॅबमध्ये दाखवलं होतं ना मला, टॉवेल टाकून. टक् झालं होतं. मी घरी सगळ्यांना सांगितलंय, घाबरू नका म्हणून."

तो त्यांचा हिटर नव्हता. त्यांच्या मनाचं समाधान व्हावं म्हणून मी त्यांना टेबलावरच्या दुसऱ्याच हिटरवर दाखवलं होतं, कारण एक पास म्हणजे सगळे पास, असं आम्ही धरून चालतो. त्यांचा खोक्यात बांधून तयार होता.

"दादा, नीट ऐका. तुमचा हिटर तसा बंद होत नाही. तो पेटेल. घरी फोन करा, प्लग काढायला सांगा. नाहीतर तुम्हीच पळा, आत्ता."

किल्ल्यांचा जुडगा खळकन वाजला, मग पळणारी पावलं, आणि फोन बंद न होता त्यांच्या खिशात तसाच चालू राहिला. कापडाची घासाघीस ऐकू येत होती, त्यांचा श्वास ऐकू येत होता. "उचल गं, उचल," असं ते कुणाला तरी म्हणत होते, बहुतेक दुसऱ्या फोनवर. मग एक दार आपटलं. मग एका बाईचा आवाज, आणि मग फोन बंद झाला.

मी परत लावला. कुणी उचलला नाही.

परतीचा रस्ता मला आठवत नाही. एवढंच आठवतं की आईकडे जाताना मी देवाला विनवत होते, आणि परतताना विनवायला तोंड नव्हतं.

कारखान्याचं मागचं गेट सताड उघडं होतं. दोन्ही दारं भिंतीला टेकलेली. कुलूप कडीत लोंबत होतं आणि त्यात किल्ल्यांचा अख्खा जुडगा तसाच लटकत होता, स्टोअरची, कपाटांची, सगळी. इतक्या वर्षांत मी ते कुलूप कधी मोकळं बघितलं नव्हतं. मी स्कूटर तिथेच टाकली आणि गल्लीकडे निघाले, आणि समोरून दादा येताना दिसले. चालत येत होते. हातात ओल्या पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"बाळ?" मी विचारलं.

"बरं आहे." त्यांचा आवाज बसला होता. "दोघं आतल्या खोलीत झोपली होती. फोन मुका करून ठेवला होता पोरीने, बाळ उठू नये म्हणून. बाहेरच्या खोलीत धूर कोंडलाय. पडद्यापर्यंत आलं होतं."

एवढं बोलून ते माझ्या बाजूने पुढे गेले. गेटातला जुडगा त्यांनी काढून घेतला, पण गेट लावलं नाही. सरळ मीटिंगरूमकडे चालू लागले. मी मागोमाग.

आत ऑडिटरबाई, साहेब आणि कलमराव बसले होते. कलमराव कसलासा तक्ता समजावून सांगत होते. दादांनी विचारलं नाही, बसले नाहीत. पोतं उलगडून हिटर टेबलावर ठेवला. जाळी खाली ओघळून घट्ट झाली होती. तिच्यात एक लहानसं झबलं रुतलं होतं, काळं पडलेलं, फक्त एक बाही अजून पिवळीच्या पिवळी होती. मीटिंगरूमभर जळक्या प्लॅस्टिकचा वास पसरला.

साहेब उठले. "दादा, हे काय, आधी बाहेर चला, आपण—"

"बसा," बाई म्हणाल्या. साहेब बसले.

बाईंनी हिटरकडे बघितलं, झबल्याकडे बघितलं आणि आपला स्क्रू-ड्रायव्हर माझ्यापुढे केला. मी स्क्रू काढायला लागले. कव्हर सहज निघेना, एका बाजूला वितळून चिकटलं होतं. शेवटी निघालं. आत दोन तारा होत्या, एक कट-आउटवर, एक फ्यूजवर. सोल्डरचे टाके स्वच्छ, गोल, चमकदार. माझेच टाके होते. असे टाके मारता येतात म्हणून लोक माझं कौतुक करतात.

"हाच तो हिटर," मी म्हणाले. "कपाटात जो असायला हवा होता तो."

"आणि हा बाहेर आहे अशी शंका तुम्हाला कधी आली?" बाईंनी विचारलं.

साहेब माझ्याकडे बघत होते. कलमराव टेबलाकडे. मला वाटलं होतं असं काही विचारलं की मी अडखळेन, पण उत्तर अगदी सोपं होतं.

"सकाळी. तुम्ही पहिला उघडलात तेव्हाच."

दादा इतका वेळ हिटरकडे बघत होते. आता त्यांनी मान वर केली.

"म्हणजे गेटावर आलात त्याच्या आधी?"

"हो."

"पण तुम्ही तर म्हणालात, आईला बरं नाही."

"आईकडे दुसरा हिटर होता, दादा. वाटलं, तोच असेल. आधी तिकडे गेले."

त्यांनी मान हलवली. कळलं असं सांगायला हलवावी तशी. मी वाट बघत होते की ते शिव्या देतील, कारखाना गोळा करतील, साहेब म्हणाले होते तसं. मला ते हवं होतं. दादा म्हणाले, "मी तर दोन्ही दारं उघडली तुमच्यासाठी."

मग त्यांनी खिशातून जुडगा काढला. नखाने कडी फाकवत बराच वेळ खटपट केली. नमुन्यांच्या कपाटाची किल्ली सुटी करून त्यांनी ती बाईंच्या पुढ्यात ठेवली.

"ही तुमच्याकडे ठेवा मॅडम," ते म्हणाले. "आजवर ताईंनी मागितली की मी न विचारता देत होतो."

मग ते घरी गेले. बाईंनी किल्ली उचलून पर्समध्ये टाकली आणि लिहायला सुरुवात केली.